गड्डी

एकतीस वर्षं जेल रोडच्या नोट प्रेसमध्ये
मी छापील कागद मोजले.
त्यातल्या एकालाही कुणी नको म्हटलं नाही.
वाचला मात्र कुणीच नाही.
आकडा बघितला, उजेडात धरला, खिशात टाकला.

निवृत्तीनंतर स्वतःचा कागद काढला.
एक पान, एका बाजूने, दर अमावास्येला,
कारण त्या दिवशी दुसरं कुणी काही सुरू करत नाही.
बिटकोजवळ खैरनारच्या झेरॉक्सवर
शंभराच्या वर घेतलं की पाऊण रुपया पडतो,
म्हणून प्रती एकशे एक.
घरी आणून गड्डी ठोकून सरळ केली,
अंगठ्याला थुंकी लावून मोजली.
सवय.

पहिल्या महिन्यात फुकट वाटलं.
लोकांनी घेतलं, विचारलं, "किती स्क्वेअर फूट?"
प्लॉटची जाहिरात नाही म्हटल्यावर परत दिलं
नीट घडी घालून.
नाशिककर सभ्य आहेत.

बायको मालिका बघता बघता म्हणाली,
सगळं कशाला देता? अर्धं द्या.
दार वाजतं आणि नेमक्या पाट्या येतात, तसं.

मग मी कात्री घेतली.
वरचा तुकडा दगडू बिडवेच्या सलूनमध्ये, आरशाच्या कडेला,
जिथे मान हलवायची सोय नाही
आणि डोळ्यांना काही काम नाही:
"गंगेला पाणी चढत होतं, दुतोंड्याच्या कमरेपर्यंत,
आणि घाटावर एक माणूस अंगातला शर्ट काढून
त्याची घडी घालत होता.
पुढचं परदेशीच्या लॉन्ड्रीत."

लॉन्ड्री रस्त्यापलीकडे.
परदेशीने खालचे तुकडे शर्टांच्या घड्यांत सारले,
त्याचा पुठ्ठ्याचा खर्च वाचला.
पहिला गेला तो कटिंग सेक्शनचा निरभवणे,
तीन वर्षं माझ्याशी न बोलणारा,
एका गालावर फेस तसाच,
रिक्षावाल्यांना हाताने थांबवत.
त्याचा शर्ट तिथे नव्हता.
म्हणून त्याने घरून एक आणून टाकला.

कोठावदे मेडिकलने गोळ्यांच्या पिशवीवर लिहून दिलं,
जेवणानंतर एक परिच्छेद.
तो पैसे मागेल असं वाटलं होतं.
त्याने पुढचा भाग मागितला.

चौथ्या अमावास्येला मला शेवट सुचला नाही.
घाटावर पुन्हा तोच माणूस, तोच शर्ट,
आणि मी पेन घेऊन पहाटेपर्यंत बसलेला.
वरचे तुकडे लावले.
खालचे तसेच पाठवले, कोरे.
लाज वाटली, म्हणून आठ दिवस त्या रस्त्याने गेलो नाही,
भाजीसुद्धा उपनगरहून आणली.

नवव्या दिवशी परदेशीने हाक मारली.
गल्ल्याशेजारी बिस्किटाचा डबा,
डब्यात माझे कोरे तुकडे,
आता कोरे नसलेले.
कुणी त्याला बुडवला होता.
कुणी पोहत पंचवटीला नेला होता, लग्न लावून दिलं होतं.
मथुराबाई गांगुर्डेंनी फक्त विचारलं होतं,
शर्ट धुतलेला होता का?

"आणि ही पैशात आली," परदेशी म्हणाला.
दहाची नोट.
तिच्या पांढऱ्या खिडकीत, बॉलपेनने,
मुंगीएवढ्या अक्षरात:
शर्ट परत घातला त्यानं.

कुणी दिली?
"पैशाला कुठे नाव असतं, काका."

नोटेवर लिहू नये.
अशी नोट माझ्या टेबलावर आली असती
तर मी ती बाजूला काढून लाल पेन्सिलने खूण केली असती.
मी ती उजेडात धरली,
जशी सगळेच धरतात,
आणि वाचली.

दहा रुपयांत तेरा प्रती निघतात.
शंभराची अट तुम्हाला नाही, खैरनार म्हणतो, द्या.
मी अजून मोडलेली नाही.